तण बी धरायच्या आत: नाशिक जिल्ह्यासाठी भाद्रपद-आश्विनचा सल्ला

भाद्रपद उतरणीला लागला की द्राक्षबागेत फळछाटणीची लगबग, सोयाबीन काढणीची घाई आणि उन्हाळ कांद्याचं रोप टाकायची तयारी एकदमच येते. या धांदलीत बांधाकडे कुणी बघत नाही. नेमकं याच दिवसांत बांधावरचं तण बी गाळून मोकळं होतं. त्यामुळे नुसती निंदणी पुरत नाही. बी शेतात कोणत्या वाटेनं येतं ते ओळखून ती वाटच अडवायला हवी.

सगळ्यात आधी गाजरगवत. त्याचं एक वाळलेलं फूल कागदावर चुरडून पाहा. चार-पाच काळ्या बारीक बिया निघतील आणि प्रत्येकीच्या दोन बाजूंना पातळ सालपटासारखे तुकडे चिकटलेले दिसतील. त्यांच्या आधारानं बी पाण्यावर तरंगतं, वाऱ्यानं सरकतं. एका जोमदार झाडाला 15 हजारांवर बिया लागतात आणि ओल मिळाली की ते वर्षभर कधीही उगवतं. पाऊस पडून जमीन मऊ असताना, फुलं यायच्या आत मुळासकट उपटा. विळ्यानं वरून कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. फुलावर आलेलं झाड उकिरड्यावर टाकू नका. हातात मोजे, नाकाला रुमाल हवाच, कारण अंगावर खाज उठते, काहींना दमाही होतो. पानांवर फिकट रंगाचे, पाठीवर उभ्या गडद रेघा असलेले भुंगे दिसले तर तिथे फवारणी करू नका. हा मेक्सिकन भुंगा 1983 मध्ये मुद्दाम भारतात आणला, तो गाजरगवतच खातो.

गोखरूची, म्हणजे लांडगा नावाच्या तणाची, चाल वेगळी. त्याचं काटेरी फळ मेंढीच्या लोकरीला, बैलाच्या शेपटीला, धोतराला चिकटून गावं पालथी घालतं. एका फळात दोन बिया असतात. एक लवकर उगवते, दुसरी बहुधा मागे राहून नंतर उगवते. म्हणून एकदा उपटून शेत स्वच्छ झालं असं धरू नका. दिवाळीनंतर शेतात मेंढ्या बसवणार असाल तर त्या कुठल्या रानातून आल्या ते धनगरदादांना विचारा आणि बसवलेल्या जागेवर पुढच्या पावसात नजर ठेवा. कोवळं दोन पानी रोप जनावरांना विषारी असतं, ते चरू देऊ नका.

सिन्नर, येवला, नांदगावकडे वेडी बाभूळ पसरते ती शेळ्या-गुरांच्या पोटातून. शेंगा गोड, त्या चवीनं खाल्ल्या जातात आणि कठीण कवचाचं बी शेणातून, लेंडीतून धडधाकट बाहेर पडतं. कच्चं शेणखत म्हणूनच घेऊ नये. खड्डा चांगला तापू द्या, एकदा तरी वरखाली करा, कडेचं खत मधे घ्या. ढिगाच्या पोटातली ऊब कडेच्या बियांपर्यंत पोचत नाही.

सोयाबीनचं मळणी यंत्र दुसऱ्याच्या शेतावरून येतं. आपल्या बांधावर घ्यायच्या आधी ते झाडून-झटकून घ्यायला लावा. यात संकोच नको. केना हे तण दिसलं तर खणूनच काढा, त्याला जमिनीखालीही मिटलेली फुलं येतात आणि तिथेच बी तयार होतं. लव्हाळा या तणाचा सगळा जीव जमिनीखालच्या गाठीत, नांगरानं त्या शेतभर पसरतात, म्हणून लव्हाळा असलेला जमिनीचा तेवढा तुकडा वेगळा ठेवा.

रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की पहिल्या पाण्याबरोबर पाटातून तणाचं बी तरंगत येतं. शेताच्या तोंडाशी चारीत बारीक जाळी लावा आणि अडकलेला गाळ-कचरा बांधावर न टाकता जाळा.

इगतपुरी, पेठ, त्र्यंबककडच्या आंब्यांवर बांडगूळ असेल तर मोहोर यायच्या आधी बघून घ्या. त्याचं बी चिकट असतं. फुलटोचा हा छोटा पक्षी फळ खातो आणि बी फांदीवर घासून चिकटवतो, तिथंच ते रुजतं. नुसतं ओरबाडलं तर मुळं फांदीत राहतात, शक्य असेल तिथे फांदीच वीतभर खालून कापा.

कांद्याचं रोप टाकताना घाई करू नका. गादीवाफे तयार करून एक हलकं पाणी द्या, आठ-दहा दिवस थांबा. उगवलेलं तण खुरप्यानं वरच्यावर खरडा, खोल ढवळू नका, नाहीतर खालचं बी वर येतं. मग त्याच वाफ्यात कांद्याचं बी टाका.