माइनक्राफ्टमध्ये पिकॅक्स निवडताना या चुका टाळा

दगडी पिकॅक्सने (खाणकामाच्या कुदळीने) हिऱ्याचा ब्लॉक फोडला तर तो फुटतो, पण हातात काहीच येत नाही. माझ्या भाच्याने असे तीन हिरे घालवले आणि वर मलाच विचारलं, "मामा, गेममध्ये बग आहे का?" त्याला वाटलं होतं, हलका पिकॅक्स म्हणजे वेळ जास्त लागणार, बाकी काही नाही.

बहुतेक नवे खेळाडू इथेच घसरतात. पिकॅक्स काय काढू शकतो, किती वेगाने आणि किती टिकतो, ही तीन वेगवेगळी गणितं आहेत. हिरा, सोनं आणि रेडस्टोनसाठी किमान लोखंडी पिकॅक्स लागतो. ऑब्सिडियन (काळा, अतिशय कठीण दगड) आणि एन्शंट डेब्री (ज्यापासून नेदराइट हा सगळ्यात वरचा धातू बनतो) हवं असेल तर किमान हिऱ्याचा.

या गणितातली सगळ्यात मोठी फसवणूक सोन्याची. सोन्याचा पिकॅक्स वेगाला नेदराइटच्याही पुढे, पण टिकतो जेमतेम ३२ ब्लॉक. लाकडीसुद्धा ५९ काढतो. आणि ताकद लाकडाइतकीच, म्हणजे सोन्याच्या पिकॅक्सने सोनं काढता येत नाही! ते सोनं बुटांना वापरा. नेदरमध्ये, म्हणजे गेममधल्या पाताळात, अंगावर सोन्याचं चिलखत दिसलं की पिगलिन (तिथले डुकरासारखे जीव) आपणहून हल्ला करत नाहीत.

दुसरं टोक म्हणजे कंजुषी. हिऱ्याचा पिकॅक्स पेटीत जपून ठेवायचा आणि दगडी घेऊन खाणीत उतरायचं. दगडी १३१ ब्लॉक टिकतो, लोखंडी २५०, हिऱ्याचा १५६१. साधा बोगदा खणायला लोखंडी खुशाल झिजवा, लोखंड काही दुर्मीळ नाही. पण पहिले पाच हिरे मिळाले की तलवारीचा मोह आवरा. तीन पिकॅक्सला, दोन एन्चांटिंग टेबलला (अवजारांवर जादू, म्हणजे एन्चांटमेंट, चढवायचं टेबल). टेबलला चार ऑब्सिडियनही लागतात आणि ते काढायला तोच पिकॅक्स कामी येतो. फॉर्च्यून ३ हे एन्चांटमेंट मिळाल्यावर एका ब्लॉकमधून चारपर्यंत हिरे निघू शकतात, म्हणून शक्य असेल तर दिसलेले ब्लॉक तोवर तसेच ठेवा.

"दुरुस्ती केली आणि एन्चांटमेंट उडाले" ही तक्रार नेहमीची. दोन झिजलेले पिकॅक्स क्राफ्टिंगच्या चौकटीत जोडले की एन्चांटमेंट पुसले जातात. ते काम ऐरणीवर करा. मात्र ऐरणीवरच्या प्रत्येक कामानंतर त्या वस्तूवरचा जादा खर्च १, ३, ७, १५, ३१ असा चढत जातो आणि एकूण खर्च ४० लेव्हलला (एक्सपी, म्हणजे अनुभवाच्या गुणांच्या लेव्हल) पोचला की 'टू एक्सपेन्सिव्ह' येतं आणि काम होत नाही. म्हणून एन्चांटमेंटची पुस्तकं एकेक करून चढवू नका; आधी पुस्तकं जोडीजोडीने एकत्र करा, मग पिकॅक्सवर लावा. त्यात मेंडिंग (एक्सपी मिळताच वस्तू दुरुस्त करणारं एन्चांटमेंट) असेल तर ऐरणीचं तोंड पुन्हा क्वचितच बघावं लागेल. झिजत आलेला पिकॅक्स हातात धरून नेदरमधलं क्वार्ट्झ फोडत बसा, मिळणाऱ्या एक्सपीवर तो भरत जातो.

नेदराइटची घाई नको. २०२३ च्या १.२० आवृत्तीपासून हिऱ्याचा पिकॅक्स नेदराइटचा करायला टेम्प्लेट (एक साचा) लागतो, तो नेदरमधल्या बॅस्टियन या पडक्या किल्ल्यांमध्ये सापडतो आणि एका वापरात संपतो. आधी सात हिरे आणि एक नेदररॅक (नेदरमधला साधा दगड) खर्चून त्याची प्रत काढा, मगच वापरा. नेदराइट लाव्हात जळत नाही, वर तरंगतो, हे खरं. पण जमिनीवर पडलेल्या इतर वस्तूंसारखाच पाच मिनिटांत तोही गायब होतो. भाच्याचा तसाच गेला, कारण तो मला फोन करून विचारत बसला होता.