पाणलोटाची कामे का फसतात? महिलांच्या सहभागातील या चुका टाळा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड आणि शिरूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात, आणि १९७२ च्या दुष्काळापासून तेथे मृद व जलसंधारणाची, म्हणजेच पाणलोटाची, कामे या ना त्या योजनेतून चालूच आहेत. पाझर तलाव, नालाबांध, समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर), बांधबंदिस्ती यांतल्या प्रत्येक कामावर घमेल्याने माती वाहणाऱ्या बायका दिसतात. मात्र आखणी, लाभार्थ्यांची यादी, मोजमाप आणि पाणीवाटप या चार ठिकाणी त्याच बायका क्वचितच दिसतात. चर भरून गेला, बांध फुटला, बंधाऱ्यात पाणी असूनही विहीर कोरडी राहिली, अशा तक्रारींना आपण तांत्रिक दोष म्हणतो. त्यांतल्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ या चार ठिकाणच्या गैरहजेरीत सापडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

समितीत नाव आहे, पण सभेची वेळ स्वयंपाकाची आहे

केंद्र सरकारच्या २००८ च्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांनुसार पाणलोट समितीत किमान १० सदस्य असावे लागत आणि त्यांतले निम्मे बचतगट, उपभोक्ता गट (कामाचा थेट लाभ घेणाऱ्यांचे गट), अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीन यांचे प्रतिनिधी असावे लागत. या सर्वांची मोट एकत्र बांधलेली असल्यामुळे एक-दोन महिलांची नावे घातली तरी कागद पुरा होतो, आणि पुढे त्यांच्या घरी वही पाठवून सह्या घेतल्या जातात. हे टाळायचे असेल तर सभा संध्याकाळी देवळात न घेता दुपारी, ज्या वाडीचे काम आहे त्या वाडीत घ्यावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायदेशीर तरतूद महाराष्ट्रात आहेच. तिचा उपयोग पाणलोटाच्या आराखड्यासाठी करावा, आणि तिथे झालेले ठराव ग्रामसभेत वाचून दाखवायला त्याच महिलांपैकी एकीला उभे करावे.

आखणी झाल्यावर बायकांना बोलावणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. शिवारफेरी होते, नकाशावर खुणा होतात, यंत्र लावायचे की मजूर हे ठरते, आणि त्यानंतर खोदाईसाठी बायकांना हाक मारली जाते. वास्तविक कोणत्या ओघळीतून पहिल्या पावसात गढूळ लोंढा येतो, कोणता झरा माघातच आटतो आणि कोणत्या आडात फाल्गुनापर्यंत पोहरा भरतो, याची रोजची नोंद पाणी भरणाऱ्या आणि सरपण आणणाऱ्या बाईकडे असते. आपला दख्खनचा बेसाल्ट पाणी सगळीकडे सारखे धरत नाही. मुरूम आणि भेगाळलेला थर असेल तिथे ते मुरते, कठीण काळा पाषाण लागला की अडते. म्हणून बंधाऱ्याची जागा पन्नास पावले इकडची तिकडे झाली तरी फरक पडतो. पिण्याच्या पाण्याची विहीर वर आणि बंधारा तिच्या खाली, अशी रचना झाली तर बंधारा तुडुंब भरूनही त्या विहिरीला सहसा काही मिळत नाही. शिवारफेरीत पाणी भरणाऱ्या चार जणी असत्या तर हा प्रश्न तिथल्या तिथे विचारला गेला असता.

आखणीचे तंत्रही बायकांच्या हाती द्यावे, कारण ते अवघड नाही. सारख्या उंचीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी काठी ठोकायची आणि शेंड्यावरून दोरीला दगड लोंबता सोडायचा, की ए-फ्रेम तयार होते. वापरण्यापूर्वी ती तपासून घ्यावी लागते आणि घाईत ही पायरी हमखास गळते. दोन खुंट्यांवर चौकट उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे खूण करावी, मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर पुन्हा उभी करून दुसरी खूण करावी. या दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळीची खूण. त्यानंतर एकीने चौकट फिरवायची आणि दुसरीने फक्कीने रेघ आखत जायचे. एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे टाकायचा आणि दोरी मधल्या खुणेवर आली की थांबायचे, एवढेच कसब आहे. ज्या बाईने रेघ आखली ती मुकादमाच्या सांगण्यावरून वेडावाकडा चर खोदणार नाही.

चर खोदून झाले असतील आणि आखणीबद्दल शंका असेल, तर पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच फेरी मारावी. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटरमध्ये सुमारे १८० लिटर पाणी मावते, पण हा हिशेब चर समपातळीत असेल तरच लागू पडतो. एका टोकाला पाणी आणि दुसऱ्या टोकाला कोरडी माती दिसली तर चराला उतार आहे असे समजावे. असा चर पाणी जिरवण्याऐवजी ते एका टोकाला वाहून नेतो, आणि तिथला भराव फुटला की खालच्या शेतात घळ पडते. ठरावीक अंतरावर चरात आडवे मातीचे अडसर घालून हा दोष बराचसा आटोक्यात येतो. भराव फुटला असेल तर नुसती माती लोटून भागत नाही. तेथे दगडांचा सांडवा (जादा पाणी जाण्याची वाट) करावा आणि भरावावर पवना, मारवेल किंवा स्टायलो या चाऱ्याच्या वनस्पतींचे बी टाकावे. हे बी पहिल्या पावसाच्या ओलीवर पडले पाहिजे.

चराईबंदी करताना शेळ्यांचा विचार न करणे

चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीशिवाय डोंगर हिरवा होत नाही, हे खरे आहे. पण बंदीचा ठराव करणाऱ्यांच्या गोठ्यात कडबा असतो, आणि बंदीचा भार पडतो तो चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईवर. एका रात्रीत माळ बंद झाला की ती शेळ्या विकते किंवा अंधारात चारायला नेते, मग दंड, भांडणे आणि दोन वर्षांत ये रे माझ्या मागल्या. त्यामुळे ठरावापूर्वी घरोघरी शेळ्यांची मोजणी करावी. संपूर्ण माळ एकदम बंद न करता त्याचे भाग पाडावेत आणि एक भाग चराईसाठी खुला ठेवावा. बंद भागातील गवत कापून नेण्याचा हक्क लिलावाने न देता भूमिहीन महिलांच्या गटाला द्यावा आणि तसा लेखी ठराव करावा. रोपे निवडतानाही हाच गट विचारात घ्यावा. चारा आणि सरपण देणारी झाडे त्यात असली, तर राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

हजेरीपटावर नाव कोणाचे?

जोडीने खोदाई केली की मजुरी पुष्कळदा जोडीच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर चढते. हजेरीपट सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, मोजमापाच्या वेळी किमान दोन बायका टेप धरायला असाव्यात आणि मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यावर जावी. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असे ठरवले आणि कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईलाही मजुरीची तरतूद केली. तरीही झाडाखाली झोळीत मूल आणि शेजारी त्याला सांभाळायला शाळा बुडवून आलेली बहीण, हे दृश्य जिथे दिसेल तिथे ही तरतूद कागदावरच राहिली आहे असे समजून काम मागणाऱ्या महिलांनी लेखी मागणी करावी.

पाणी आल्यावर वाटप सातबाऱ्यावर सोडणे

कामे उत्तम झाली, विहिरींना पाणी आले, आणि मग ऊस लागला, तर मार्चपासून पुन्हा टँकरची वाट पाहावी लागते. लाभ जमिनीच्या प्रमाणात वाटला की भूमिहीन घरे आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायका आपोआप बाहेर राहतात. याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच शोधले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधील नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीऐवजी माणसांच्या संख्येवर ठरला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. माणशी हिशेब धरल्यामुळे बाईचाही वाटा त्यात धरला गेला, आणि हे तत्त्व आजच्या कोणत्याही पाणलोट गावाने अभ्यासावे असे आहे.

जमिनीच्या नावाचा प्रश्नही टाळू नये. चाकणजवळच्या आंबेठाणला राहणाऱ्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेतून बायकोच्या नावावर जमीन करण्याची हाक दिली होती. बांधबंदिस्ती किंवा शेततळ्याचा अर्ज सातबाऱ्यावरील नावाने होतो, म्हणून अर्जाच्या वेळीच सहहिस्सेदार म्हणून पत्नीचे नाव लावण्याची गोष्ट काढावी. कागद निघालेले असतात, तलाठ्याकडे फेरी होणारच असते, आणि एरवी वर्षानुवर्षे रेंगाळणारे काम अशा वेळी मार्गी लागण्याची शक्यता जास्त असते.

वाटपाचा निर्णय रब्बीच्या पेरणीपूर्वी व्हायला हवा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडावा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हे सूत्र फळ्यावर लिहिले की शाळेतल्या पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून कोणालाही हिशेब समजतो. त्यातून पिण्याचे पाणी, जनावरे आणि परसबाग आधी वजा करावी आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरवावीत. ही वजाबाकी बायकांनी मांडावी, कारण घरात आणि गोठ्यात दिवसाला किती हंडे लागतात हे अंदाजाने न सांगता मोजून सांगणाऱ्या त्याच असतात.

देखभालीसाठी कोणीच नसणे

योजना बंद झाली, संस्था गेली, की बांध पोरका होतो. दरवर्षी मे महिन्यात सांडवा मोकळा करणे, चरातला गाळ काढणे आणि पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर फेरी मारणे, ही कामे एखाद्या बचतगटाकडे ठरावाने सोपवावीत आणि त्यासाठी पैसेही द्यावेत. फुकट श्रमदान दरवेळी बायकांनीच करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. पावसाळा सरल्यावर ओढ्याला धार असेतोवर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालता येतो. त्याची जागा, गोण्यांची जमवाजमव आणि कामाची तारीख सप्टेंबरअखेरच्या महिला सभेतच ठरवून ठेवावी, कारण दिवाळीनंतर बायका मजुरीसाठी बाहेर पडतात आणि तोवर धारही बारीक झालेली असते.