भीती वाटते तेव्हा विश्वास धरायचा म्हणजे नेमकं करायचं काय

आधी एक गोष्ट क्लिअर करते, भीती वाटली म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला असं अजिबात नाही. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. घरात मोठं आजारपण होतं, रिपोर्ट यायचा होता, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी मला म्हणालं, "खरा विश्वास असेल तर भीती वाटतच नाही." झालं, एक भीती होतीच, त्यात देव आपल्यावर नाराज आहे की काय ही दुसरी येऊन बसली.

बायबलमधलं ५६वं स्तोत्र काढून बघा. दावीद, जो पुढे इस्राएलचा राजा झाला, तो गथ गावात पलिष्टी ह्या शत्रूंच्या हाती सापडला होता तेव्हाचं ते आहे. तिसऱ्या वचनात तो म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. "वाटलीच तर" नाही म्हणत, "वाटेल तेव्हा" म्हणतो. लगेच चौथ्या वचनात म्हणतो मी भिणार नाही, मग परत शत्रूंची तक्रार, आठव्यात आपले अश्रू बुधलीत भरून ठेव म्हणून देवाला सांगतो, आणि अकराव्यात परत तेच, मी भिणार नाही. म्हणजे एकदा म्हणून त्यालाही पुरलं नाही हो. तुम्हालाही एका दिवसात दहादा म्हणावं लागलं तर लागू दे.

तर आता करायचं काय. पहिलं म्हणजे भीतीला नाव द्या. आपण प्रार्थनेत "प्रभू शांती दे" म्हणून मोकळे होतो आणि खरी गोष्ट मनातच राहते. एक कागद घ्या आणि जसं आहे तसं लिहा, "प्रभू, उद्या रिपोर्ट आहे, वाईट निघेल अशी भीती वाटते, आणि त्याहून जास्त भीती मी एकटी पडेन ह्याची वाटते." मी हे लिहिलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला खरं कशाचं भ्या वाटत होतं, रिपोर्टचं नव्हतंच ते. येशूचा प्रेषित पौल ह्याने फिलिप्पै शहरातल्या विश्वासी लोकांना लिहिलं की कशाचीही काळजी करू नका, आपल्या मागण्या देवाला कळवा, ते त्याने स्वतः बंदिवासात असताना लिहिलंय, आरामात बसून उपदेश नाही केलेला. आणि त्यात "आभारासह" असंही आहे, म्हणून त्याच कागदावर खाली आजची एक तरी चांगली गोष्ट लिहा, कितीही बारीक असू दे, कुणी चहा करून दिला एवढी सुद्धा चालेल. मग कागदावर खूण करा, ह्यातलं आजचं काय आणि उद्याचं काय. येशूने उद्याची काळजी करू नका असं म्हटलंय ते ह्यासाठीच, उद्याचं ओझं आज उचलायला गेलं की आजचं कामही होत नाही. आजच्यातलं एक काम करा, फोन करायचा असेल तर फोन, फॉर्म भरायचा असेल तर फॉर्म.

राग आला असेल तर तोही देवासमोर ठेवा. १३व्या स्तोत्रात फक्त सहा वचनं आहेत आणि त्यात पहिल्या दोनच वचनांत "कुठवर" असा प्रश्न चार वेळा आलाय. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची ओळ जोडलेलीच नाही. हे पवित्र शास्त्रात ठेवलंय ना, मग तुमची तक्रार ऐकायला देवाला जड जाणार नाही. गोड बोलून केलेल्या प्रार्थनेपेक्षा रडत केलेली खरी प्रार्थना मला तरी जास्त जवळची वाटते.

आता रात्र. दिवस कसातरी जातो, खरी अडचण रात्री असते, दोन-तीनला जाग येते आणि डोकं सुरू. तेव्हा मोबाईल घेऊन आजाराची माहिती शोधायची नाही, हे अगदी कडक सांगते. मोठे अध्याय पण वाचायला जाऊ नका, डोक्यात शिरत नाहीत. एकच छोटं वचन धरा आणि श्वासाबरोबर म्हणा, श्वास घेताना "भीती वाटते तेव्हा", सोडताना "तुझ्यावर भरवसा". सावकाश, दहा मिनिटं. झोप आली तर छान, नाही आली तरी ती दहा मिनिटं तुम्ही देवाजवळ होतात. आणि हे वचन दिवसा, बरं वाटत असताना पाठ करून ठेवा, कारण घाबरलेल्या डोक्यात नवीन काही पाठ होत नाही. पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, फटके खाल्लेले, पाय खोड्यात, जे गायले ते तोंडपाठच असणार. आणि लक्षात घ्या, भूकंप होऊन दारं उघडली ती नंतर, गाणं आधी.

शरीराकडे बघा, हे आपण विश्वासी लोक फार विसरतो. एलीया संदेष्टा ईजबेल राणीला घाबरून रानात पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागायला लागला (१ राजे १९). देवदूताने त्याला लेक्चर दिलं नाही, उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला दिलं, मग तो ४० दिवस चालत होरेब डोंगराला गेला, आणि देवाचं बोलणं तिथे झालं. म्हणून संकटात दोन वेळ जेवा, झोपा, थोडं चाला. उपास धरायची ही वेळ नाही असं माझं मत आहे, निदान जे आधीच खचलेत त्यांच्यासाठी तरी.

आणि आठवडे झोप नाही, छातीत धडधड, श्वास अडकतो, किंवा जगूच नये असं वाटतं, तर डॉक्टरकडे जा, जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नाही. पौल लूकला "प्रिय वैद्य" म्हणतो आणि त्याला सोबत घेऊन फिरतो.

एकट्याने लढू नका. गेथशेमाने बागेत, धरलं जायच्या रात्री, प्रभू येशूने स्वतः पेत्र, याकोब, योहान ह्या शिष्यांना जवळ घेतलं आणि सांगितलं की माझा जीव मरणप्राय दुःखी आहे, माझ्याबरोबर जागे राहा. प्रभूला सोबत मागावीशी वाटली तर आपण कोण. ते तिघे झोपले ती गोष्ट वेगळी, तुमच्याही बाबतीत एखादा झोपेल, मग दुसऱ्याला विचारा. फक्त "माझ्यासाठी प्रार्थना करा" असं मोघम नको, "रोज रात्री दहाला पाच मिनिटं फोनवर माझ्याबरोबर प्रार्थना करशील का" असं विचारा, लोकांना नेमकं सांगितलं की ते करतात. जो भेटला की तुमचा विश्वास मोजत बसतो त्याच्यापासून मात्र थोडे दिवस लांब राहा.

जाता जाता, बायबलमध्ये "भिऊ नको" बरोबर ३६५ वेळा आहे, रोज एक, असा मेसेज फिरतो, तो आकडा मोजून जुळत नाही. पण ते शब्द पुष्कळदा आलेत आणि ज्यांना सांगितलेत ते बहुतेक वेळा घाबरलेलेच होते, मला तेवढं पुरतं.

सगळ्यात अवघड प्रश्न, देवाने ऐकलं नाही तर? मूर्तीला नमत नाहीत म्हणून पेटत्या भट्टीत टाकायची धमकी मिळालेले शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला म्हणाले, आमचा देव सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा कसलातरी त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर आलं. म्हणून मी प्रार्थना दोन भागांत करायला शिकले. "हे टळू दे", हे पूर्ण मनापासून, हातचं न राखता. मग थांबून, "नाही टळलं तरी मला सोडू नकोस." दुसरं वाक्य पहिल्या दिवशी तोंडातून निघत नाही, जबरदस्ती करू नका, मला दोन आठवडे लागले.

रिपोर्टच्या सकाळी माझे हात थरथरतच होते. ५६व्या स्तोत्राचं ते तिसरं वचन गाडीत म्हटलं, लिफ्टमध्ये म्हटलं, दाराशी परत एकदा म्हटलं, आणि आत गेले.