मका-सोयाबीनची कोठी अन् ड्रायर कुठं बसवायचा? आधी फक्की मारा, मग गवंडी बोलवा

धान्य वाळवायचा ड्रायर घ्यायचं डोक्यात आलं की सगळे पहिलं विचारतात कुठल्या कंपनीचा घेऊ. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी खळ्यावर उभं राहून मोजा, की एक पोतं ट्रॉलीतून उतरल्यापासून व्यापाऱ्याच्या गाडीत चढेपर्यंत कितीदा उचललं जातं. उतरवा, ताडपत्रीवर पसरा, ढग आले की गोळा करा, परत पसरा, भरा, शेडात थप्पी लावा, विकायच्या दिवशी परत काढा. प्रत्येक उचलीला एकतर हमाली जाते नाहीतर घरच्यांची कंबर. लेआउट जमला म्हणजे ही उचल कमी झाली, बास.

आता हिशोब. समजा दहा एकर मका अन् दहा एकर सोयाबीन आहे, मका एकरी २५ क्विंटल धरला तर २५०, सोयाबीन ८ धरलं तर ८०. पण ड्रायर एकूण मालावर घेत नाहीत, एका दिवसात मळणी किती होते त्यावर घेतात. दिवसाला ६० क्विंटल मका २० टक्के ओलाव्यानं आला अन् तो १४ वर आणायचा तर त्यातून ४ क्विंटलच्या वर पाणी उडवावं लागतं, हे काय दोन तासाचं काम नाही. दोन टनाचा बॅच ड्रायर (एका वेळी ठरावीक माल भरून वाळवायचा) असेल तर तीन बॅचा लागतील, म्हणजे रात्र धरूनच चाला, आणि जो ओला माल वाट बघत पडणार त्याला वेगळी जागा पाहिजे जिथं खालून पंख्याची हवा मिळेल, नाहीतर ढिगात हात घातला की सकाळी गरम लागतो आणि आंबूस वास येतो, तिथून पुढं बुरशी. मक्याला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिनच्या (बुरशीचं विष) नावाखाली पशुखाद्यवाला पण भाव पाडतो. आणि सगळा मिळून शंभर-सव्वाशे क्विंटलच माल असेल तर स्वतःचा ड्रायर घेऊच नका, चौघांनी मिळून घ्या किंवा भाड्यानं वाळवून आणा, पैसा फक्त चांगल्या कोठीत घाला.

जागा निवडताना वावरातला उंचवटा धरायचा. काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यावर सरळ काँक्रीट टाकलं की वर्षा-दोन वर्षात कोठी कलायला लागते. ३ मीटर व्यासाची ३ मीटर उंच कोठी गव्हानं भरली की १५-१६ टन वजन खाली बसतं बरं का. काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून दाबा, मग ओटा. ओटा अडीच-तीन फूट उंच अन् वरची कड बाहेर काढलेली, म्हणजे उंदीर चढत नाही आणि ट्रॉलीचा फाळका उघडला की माल सरळ घेता येतो. एलिव्हेटरसाठी (माल वर चढवायचं यंत्र) खोल खड्डा घ्यायचा सल्ला बरेच फिटर देतात, पण ऑक्टोबरात काळ्या रानात त्या खड्ड्यात पाझर येतो आणि नेमका तेव्हाच माल येत असतो, त्यापेक्षा ट्रॉलीला चढायला मुरमाचा उतार करून धक्काच (ट्रॉली रिकामी करायची जागा) उंच घ्या, खर्च थोडा वाढतो पण डोक्याचा ताप जातो.

क्रम असा: धक्का, चाळणी, ड्रायर, थंड करायची जागा, कोठी, काटा, गाडी. माल मागं फिरायला नको. चाळणी ड्रायरच्या आधीच, कारण काडीकचरा वाळवायला कशाला सरपण जाळायचं, वर कचऱ्यानं हवा अडते ते वेगळंच. बकेट एलिव्हेटर मधोमध ठेवा म्हणजे एकच एलिव्हेटर ड्रायर पण भरतो आणि कोठी पण. फक्त सोयाबीन उंचावरून आदळू देऊ नका, डाळ होते. आणि पुढच्या वर्षीचं बियाणं तर ह्या लायनीत घालूच नका, ते सावलीत वाळवून पोत्यात, लाकडी फळ्यांवर, सातच्या वर थर नको.

वाऱ्याकडं कोणी बघत नाही. मळणीच्या दिवसात, म्हणजे पाऊस गेल्यावर, आपल्याकडं वारा साधारण ईशान्य-पूर्वेकडून येतो, तर घर आणि गोठा ड्रायरच्या नैऋत्येला नको, सगळा धूर घरात. ड्रायरची भट्टी आणि चाळणी वाऱ्याच्या रेषेत एकामागं एक नको, वाऱ्याला आडव्या अंतरानं ठेवा, कारण वारा आधी चाळणीवरून येत असला तर तिची धूळ ड्रायरचा पंखा ओढतो आणि आधी भट्टीवरून येत असला तर भट्टीची ठिणगी भुसाच्या ढिगावर. कोठीची भिंत झोपायच्या खोलीला लागून तर अजिबातच नको, किडीसाठी गोळ्यांची धुरी द्यायची वेळ आली की तो फॉस्फिन वायू माणूस मारतो.

हे सगळं कागदावर काढलं तर छानच दिसतं. म्हणून मोकळ्या जागेवर फक्कीनं खऱ्या मापाचे गोल-चौकोन आखा आणि ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून त्यातून फिरवा, रिव्हर्स न घेता वळून बाहेर निघतो का बघा. मग व्यापाऱ्याचा दहाचाकी आणा डोळ्यासमोर, त्याला अजून मोठं वळण लागतं, वरून विजेच्या तारा किती खाली आहेत ते पण. दुसऱ्या कोठीचा गोल आत्ताच आखून ठेवा, ती आज ना उद्या येतेच.

लाईटचं काय? शेतीपंपाच्या फीडरला थ्री फेज ठरलेल्या वेळेतच असते, कधी दिवसा कधी रात्री, आणि मधेच गेली की गरम बॅच तशीच अडकते. वेगळ्या कनेक्शनची चौकशी आधी करा, जनरेटरची जागा भुसापासून लांब ठेवा.

वाळलेला गरम माल लगेच कोठीत ओतायचा नाही. हिवाळ्यात रात्री पत्रा गार पडतो, आतली वाफ वर जाऊन छताला थेंब धरते आणि वरचा वीतभर थर गठ्ठा होतो. आधी थंड, मग कोठी, आणि कोठीवर सावलीचं छप्पर. हमीभाव केंद्रावर सोयाबीनला १२ टक्के, मक्याला १४ टक्के ओलावा चालतो (२०२४ च्या खरिपात सोयाबीनला १५ पर्यंत सूट दिली होती, दरवर्षी धरून चालू नका). त्याच्या खूप खाली पण नेऊ नका, १२ चं सोयाबीन १० वर नेलं तर शंभर क्विंटलमागं दोन क्विंटलच्या वर वजन हवेत गेलं. म्हणून मॉइश्चर मीटर घरात कपाटात नाही, ड्रायरच्या तोंडाशी फळी ठोकून तिथं.

सगळं बसलं की दसऱ्याच्या आधी एक ट्रॉली जुना गहू घेऊन पूर्ण लाईन चालवून बघा, कुठं सांडतोय, कुठं तुंबतोय, फिटर गावात असतानाच कळलेलं बरं.