एकाच इटालियन हॉटेलात पुन्हा पुन्हा कसं जायचं

चेनच्या हॉटेलांना नाकं मुरडायची पुण्यात पद्धत आहे. मला ती पटत नाही. एखादा पदार्थ समजून घ्यायचा असेल तर तो वारंवार त्याच चवीचा समोर यायला हवा, आणि ते चेनमध्येच जमतं. बाणेरच्या शाखेत जो पास्ता मिळतो, साधारण तोच विमाननगरला मिळतो. त्यामुळे इटालियन खाणं शिकायचं असेल तर दर वेळी नवं हॉटेल शोधत फिरू नका. एकच पकडा आणि प्रत्येक खेपेला एकच गोष्ट नीट बघा.

आमच्या घरी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिखटाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि लेक सगळं खाते. अशा तिघांना घेऊन जाताना जे उपयोगी पडलं तेच इथे लिहिते आहे.

पहिल्यांदा दोघांनीच जा, तेही आठवड्यातल्या साध्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. रविवारी रात्री दाराशी नावं लिहून लोक ताटकळत असतात, किचनची धावपळ चाललेली असते, तेव्हा कुणाला काही विचारायची सोय नसते. मेनू कितीही मोठा असला तरी दोनच पदार्थ मागवा: स्पगेटी आल्यो ओल्यो आणि मार्गरिटा पिझ्झा. दोन्ही इतके साधे आहेत की त्यांत काही लपवता येत नाही.

आल्यो ओल्योमध्ये लसूण, ऑलिव्ह ऑइल, सुकी लाल मिरची आणि वरून पार्सली, इतकंच असतं. आधी लसूण बघा. तो फिकट सोनेरी हवा. तपकिरी झाला असेल तर तेल कडवट झालं म्हणून समजा. मग स्पगेटीची एक शेवई उचलून दाताने तोडा आणि तुटलेलं टोक बघा. मधोमध बारीकसा फिका ठिपका दिसला तर पास्ता 'अल देन्ते' आहे, म्हणजे दाताला किंचित लागणारा. आपल्याकडे बरेच जण हा कच्चा आहे म्हणून परत पाठवतात. तसं करू नका. पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आपला बन्सी गहू त्याच जातीचा. हा गहू कडक, म्हणून उकळून निघाला तरी त्याचा कणखरपणा टिकतो, आणि खरी मजा त्यातच आहे. शेवटी प्लेटचा तळ बघा. तेल वेगळं होऊन साचलेलं नको. पास्ता शिजवलेलं पाणी तेलात घालून परतलं की त्यातल्या स्टार्चमुळे तेल शेवयांना धरून राहतं, हलका दुधाळ लेप बसतो. तो लेप दिसला की आचाऱ्याला काम येतं याबद्दल माझी खात्री पटते.

मार्गरिटाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: 1889 साली नेपल्समध्ये राणी मार्गरिटासाठी टोमॅटो, मोझरेला आणि बेसिल घालून केलेला पिझ्झा. गोष्टीच्या खरेपणावर वाद आहेत, पण लाल-पांढरा-हिरवा पिझ्झा मात्र टिकला, आणि नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तिथे लाकडाच्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत पिझ्झा होतो. मॉलमधल्या ओव्हनकडून ती अपेक्षा करू नका. एवढंच करा, तुकडा उचलून खालची बाजू बघा. तपकिरी ठिपके हवेत. पांढरीफटक असेल तर बेस भाजला गेलेला नाही, आणि हे बिनधास्त सांगा, बदलून देतात. पहिला घास घेईपर्यंत ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्स बाजूला ठेवा. ह्यांना मी एवढं एकच पथ्य पाळायला लावलं आहे.

पुढच्या खेपेला सॉस. ज्याला आपण व्हाइट सॉस म्हणतो तो लोणी, मैदा आणि दुधाचा. इटलीत तो मुख्यतः लझान्याच्या थरांमध्ये जातो. आल्फ्रेदो मूळचा रोमचा, फक्त लोणी आणि पार्मेझान या कडक इटालियन चीजचा. त्यात क्रीम आलं ते अमेरिकेत. तिखट हवं असेल तर अराबियाता मागवा, टोमॅटोत लसूण आणि लाल मिरची, वेगळे फ्लेक्स लागत नाहीत. आकारही बघून घ्या: रेघा असलेल्या नळीसारख्या पेनेला घट्ट सॉस चिकटतो, स्पगेटीला तेलाचा किंवा पातळ सॉस बरा. पिंक सॉस मुलांसाठी ठीक आहे, मोठ्यांनी त्यात अडकू नये असं माझं मत.

आता शाकाहारी मंडळींनी नीट वाचावं. अस्सल पार्मेझान, म्हणजे इटलीतलं पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणाने बनवलेलं असतं. ते शाकाहारी नाही. आपल्याकडे बनणारी बरीच चीज मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या, रेनेटची असतात, ती चालतात. मेनूवरच्या हिरव्या ठिपक्यावर न थांबता मी सरळ विचारते, "दादा, पार्मेझान कुठल्या कंपनीचं वापरता? पाकीट दाखवता का?" नम्रपणे विचारलं की दाखवतात. पेस्तोमध्येही, म्हणजे बेसिलच्या हिरव्या सॉसमध्येही, हेच चीज असतं, हे लक्षात ठेवा. गोडातलं बघायचं तर तिरामिसूच्या मूळ कृतीत अंडं असतं, क्रीममध्ये आणि बिस्किटांतही, तर पान्ना कोत्तात जिलेटिन, म्हणजे जनावरांपासून काढलेला गोठवणारा पदार्थ. दोन्ही बिनअंड्याचं, बिनजिलेटिनचं करणारी हॉटेलं आहेत, पण विचारल्याशिवाय आईंच्या पुढ्यात ठेवू नये. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर कॅलरी आणि अॅलर्जीची माहिती द्यावी लागते. त्यात अंडं कळतं, रेनेट कळत नाही.

रिझोत्तो मात्र सगळे बरोबर असताना आणि हातात वेळ असताना मागवा. आर्बोरियो तांदूळ थोडा थोडा रस्सा घालत ढवळायला अठरा-वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत आला तर तांदूळ आधी अर्धा शिजवून ठेवलेला असतो, त्यात गैर काही नाही, मोठ्या किचनमध्ये तसंच करतात. प्लेट हलवली की तो सावकाश पसरायला हवा, आपल्या मऊ भातापेक्षा जरा सैल, आणि दाणा मधून टणक. गोळा होऊन बसला असेल तर खूप वेळ काउंटरवर राहिला आहे.

बिलात साध्या हॉटेलात 5 टक्के जीएसटी असतो. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये दिली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती 2025 मध्ये कायम ठेवली. लावलेला दिसला तर काढायला सांगा आणि ज्या पोराने मनापासून वाढलं त्याच्या हातात टिप द्या.

उरलेला पिझ्झा बांधून आणा, पण मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चिवट होतो. लोखंडी तवा मंद आचेवर तापवा, तुकडा ठेवा, तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाका आणि लगेच झाकण घाला. चीज वितळलं आणि खालचा थर कडकडला की उतरवा. तेलातला पास्ता मात्र तिथेच संपवून या, दुसऱ्या दिवशी त्यात काही राहत नाही.