कोयता, सुरी नेताना

शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्रांत मोडतं. घरकाम आणि शेतीसाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरचा कन्नड हवालदार आधी इंच मोजत नाही. कोयता कुठं ठेवलाय, वेळ कुठली, हे बघतो. दुपारी उसाच्या फडाकडं निघालेल्याच्या कॅरियरवरचा कोयता आणि रात्री ११ ला चौकात कमरेला खोचलेला, यांत त्याच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक.

धार लावून आणताना पातं गोणपाटात दोन वेढे गुंडाळा, सुतळीनं आवळा, डिकीच्या तळाशी टाका. नुसत्या कागदात गुंडाळलंत तर धारेनं कागद फाटतो, टोक बाहेर येतं आणि लपवल्यासारखं दिसतं. दुकानाची पावती खिशात असू द्या.

अडवलं तर गाडी बंद करा, हात हँडलवरच ठेवा. ‘डिकीत कुडगोल आहे, होलद केलसक्के’ (कन्नडमध्ये कुडगोल म्हणजे विळा-कोयता, होलद केलसक्के म्हणजे शेतकामासाठी) हे आधीच सांगा. काढून दाखवायला मात्र जाऊ नका, त्यांनाच काढू द्या. जप्त केलं तर पंचनाम्याची प्रत मागा.

१ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन) आसपास बेळगाव शहरात बंदोबस्त कडक असतो. जमावबंदीच्या आदेशात हत्यारबंदी असली की शेतीचं कारण पुरेलच असं नाही. धार चार दिवसांनी लावा.