स्पेकुलास घरी भाजताना या चुका टाळा

नेदरलँड्समध्ये 5 डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासचा, म्हणजे संत निकोलसचा, सण साजरा होतो आणि त्याच्या कितीतरी दिवस आधीपासून तिथल्या बेकऱ्यांतून आणि घरांतून दालचिनी-लवंगांचा वास दरवळू लागतो. हा वास स्पेकुलासचा, म्हणजे पवनचक्कीच्या किंवा खुद्द संत निकोलसच्या आकारात छापलेल्या खुसखुशीत मसालेदार बिस्किटांचा. 250 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम बिनमिठाचे लोणी, 125 ग्रॅम गडद तपकिरी साखर, दीड मोठा चमचा मसाला (त्याचे प्रमाण पुढे दिले आहे), चिमूटभर मीठ, पाव चहाचा चमचा खायचा सोडा आणि लागेल तसे एक-दोन चमचे दूध, एवढ्यात काम भागते. तरीही पहिल्या खेपेस बिस्किटे पसरतात आणि चित्र पुसले जाते. माझ्या अनुभवात यामागे बहुतेक वेळा घाई असते.

पीठ मळले की लगेच लाटायला घेणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. हा गोळा गुंडाळून किमान रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा; तेवढ्या वेळात मैदा ओलावा शोषून घेतो, मळताना आलेला ताण सैलावतो, लोणी घट्ट होते आणि मसाल्यांचा स्वाद स्निग्धांशात मुरतो. मुंबई-कोकणातल्या हवेत तर गोळ्याचे चार भाग करून एका वेळी एकच भाग बाहेर काढावा, कारण लोणी हाताला चिकटू लागले की साच्यातली रेघ उमटत नाही. मऊ झालेल्या पिठात वरून मैदा घालून ते सावरू नये, त्याने बिस्किटे कोरडी आणि कडक होतात. ते पुन्हा गार करावे.

लाकडी साच्याचे तंत्र थोडे निराळे आहे. साच्यावर मैद्याऐवजी तांदळाची पिठी भुरभुरवावी. डच बेकरही हेच करतात, कारण तांदळाची पिठी ओलावा पटकन धरत नाही आणि चिकट होत नाही. जास्तीची पिठी झटकावी, गार पीठ मधोमध ठेवून कडांपर्यंत अंगठ्याने दाबत न्यावे, वरचा भाग सुरीने किंवा ताणलेल्या दोऱ्याने सपाट कापावा आणि साचा उलटा करून त्याची कड ओट्यावर ठामपणे आपटावी. अनेकदा बाकीचे बिस्कीट सुटून येते आणि पवनचक्कीचे एकच पाते आत अडकून राहते. अशा वेळी सुरीच्या टोकाने ते कोरू नये, कारण नक्षीवर ओरखडा उठला की पुढचे प्रत्येक बिस्कीट तिथेच अडकते. त्याच पिठाची छोटी गोळी अडकलेल्या भागावर हलकेच दाबून उचलली की पाते तिच्यासोबत बाहेर येते. साचा पाण्यात बुडवून धुऊ नये, कोरड्या ब्रशने साफ करावा. चित्र सुटसुटीत आले आणि भट्टीत मात्र फुगून विरले, तर सोडा जास्त झाला असे समजावे. साच्याच्या बिस्किटांत तो मुळीच न घातला तरी चालतो.

गरम मसाला घालून वेळ मारून नेण्याचा मोह टाळावा, कारण त्यातले जिरे आणि धने लगेच कळतात. 8 भाग दालचिनी, प्रत्येकी 2 भाग जायफळ आणि लवंग, आणि प्रत्येकी 1 भाग सुंठ, वेलदोडा व पांढरी मिरी, हे प्रमाण मला सर्वांत भरवशाचे वाटते. जायफळ ऐन वेळी किसावे, कारण डबीत जुनी झालेली पूड रंग देते, वास देत नाही. 1602 मध्ये स्थापन झालेल्या ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचे अवशेष आपल्या वेंगुर्ल्यात आहेत, तिच्याच जहाजांनी बांदा बेटांचे जायफळ आणि सिलोनची दालचिनी हॉलंडला पोहोचवली.

साखरेच्या बाबतीत तिथली ओलसर तपकिरी साखर मिळाली नाही, तर बाजारातली मऊ ब्राऊन शुगर घ्यावी. जाड पांढऱ्या साखरेने बिस्कीट फिके पडते. गूळ वापरायचाच असेल, तर दूध पूर्ण वगळावे, अन्यथा पीठ सैल होते.

भट्टी आधी 170 अंश सेल्सिअसला तापवावी आणि अर्धा सेंटीमीटर जाडीची बिस्किटे 15 ते 20 मिनिटे भाजावीत. रंग मुळातच तपकिरी असल्याने तो पाहून अंदाज येत नाही. कडा किंचित गडद झाल्या आणि मधला भाग दाबल्यावर फारसा दबला नाही, की बाहेर काढावीत. त्या वेळी ती मऊच लागतात आणि इथेच पुष्कळजण आणखी पाच मिनिटे भाजून ती कडवट करतात. जाळीवर पूर्ण गार होईपर्यंत थांबावे. गार झाल्यावरही मऊ राहिली किंवा दमट हवेने सादळली, तर 120 अंशांवर आठ-दहा मिनिटे पुन्हा ठेवून, गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत.